विहारामागच्या दोन खोल्या

परभणीहून येलदरीला येणारी दुपारची एसटी आमच्या शाळेसमोर सहसा थांबत नाही. त्या दिवशी ती थांबली. कंडक्टर खाली उतरला आणि सरळ वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. "बाई, तुमच्या आत्याकडून निरोप हाय..." एवढं बोलून तो अडखळला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "आत्याकडून न्हाई. आत्याचा. सकाळी गेल्या त्या." मी खडू टेबलावर ठेवला. मुलांना काय सांगितलं ते आठवत नाही. गाडी परत फिरली तेव्हा मी तिच्यात बसलेली होते, एवढं खरं.

पोचले तेव्हा विहारासमोर पांढरी लुगडी नेसून बायका बसल्या होत्या. काही आमच्या वस्तीतल्या, आणि काही अशा, की ज्यांना सासर-माहेर दोन्ही उरलेलं नव्हतं. कोण कुठली, हे बाहेरच्याला ओळखू आलं नसतं. आत्याला ते आवडलं असतं.

गयाबाई माझ्या वडिलांची थोरली बहीण. बाकी सगळे तिला आक्का म्हणायचे. परभणीत विहाराच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. तुरुंगातून सुटलेल्या आणि घरानं दार लावलेल्या बायका तिथं आत्याजवळ राहायच्या. कुणी पंधरवडा राहिली, कुणी वर्ष-दोन वर्षं, पुढचं पाऊल कुठं टाकायचं ते कळेपर्यंत. पौर्णिमेला वस्तीतली घरं सुपा-सुपानं ज्वारी द्यायची. बायका जिनिंगच्या गिरणीत कापूस निवडायच्या, गोधड्या शिवायच्या. सकाळी विहारात वंदना व्हायची, पण बसायची सक्ती कुणावरच नव्हती. एकीनं फळीवर भवानीचा फोटो मांडला, तेव्हा विहाराच्या कमिटीतले एक बाबा रागावले. आत्या त्यांना म्हणाली, "तिला आधी नीट झोप तर येऊ द्या, बाबा. मंग धम्म सांगू."

हे सुरू कसं झालं, ते तिनं मला एकदाच सांगितलं. आमचं गाव ताडकळसजवळचं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव दंगल पेटली, त्यात आमची खालची वस्ती जाळली गेली. आत्या तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही. अंगावरच्या लुगड्यानिशी ती परभणीला आली, ती कितीतरी वर्षं पुन्हा गावाकडं गेली नाही. पुढं नामांतराच्या सत्याग्रहात तिला अटक झाली आणि थोडे दिवस तुरुंगात काढावे लागले. सुटायच्या सकाळी तिच्याबरोबर काशी नावाची आणखी एक बाई सुटली. चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेली. "फाटकाबाहेर आमच्या गळ्यात हार पडायलेत, घोषणा चालू हायेत," आत्या सांगायची, "आन् ती बाजूला बोचकं घिऊन हुबी. तिला न्यायला कुनीच न्हाई. मी मनलं, आमी बी जेलातून आलो, ही बी जेलातूनच आली. आमाला हार, आन् हिला कुत्रं बी हुंगंना?" तिनं गळ्यातला हार काढून काशीच्या बोचक्यावर ठेवला आणि तिला घेऊन घरी आली. त्या काशीपासून हे घर सुरू झालं. काशी पुढं वसमतकडं बहिणीजवळ गेली आणि तिथंच वारली.

पण मला आज मुद्दाम सांगायचं आहे ते मथुरेबद्दल. मथुरा आमच्याच गावची. वरच्या आळीतल्या जमीनवाल्या घरची सून. नवरा दारू पिऊन मारायचा. एकदा त्यानं चार वर्षांच्या लेकीवर हात उचलला, तेव्हा हिनं हाताशी असलेलं मुसळ त्याच्या डोक्यात घातलं. नवरा मेला. सात वर्षं येरवड्याला काढून ती सुटली, तेव्हा सासरचं दार बंद होतं आणि माहेरच्या भावानं ओळखच दाखवली नाही. कुणीतरी पत्ता दिला म्हणून ती विहारापाशी आली. दारात आत्याला बघितलं आणि मागच्या मागं वळली. आत्यानंही तिला ओळखलं होतं. म्हणाली, "वळलीस कामून? भाकर तयार हाय. आमच्या हातची चालत नसंल तर चूल मोकळी हाय, तुझी तू थाप." पहिल्या दिवशी मथुरेनं स्वतःची भाकर स्वतः थापली. दुसऱ्या दिवशी मात्र ती आत्याच्या ताटाशेजारी येऊन बसली.

वस्तीतल्या बायका चिडल्या. ज्यांनी घरं जाळली त्यांच्या सुनेला आपल्या विहारात थारा? आत्या ऐकून घ्यायची.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिथंच होते. दुपारी आम्ही तिघी गोधडीला टाके घालत बसलो होतो. मथुरा मान वर न करता म्हणाली, "आक्का, त्या दिशी घासलेटाचा डबा म्याच काढून दिला व्हता. सासऱ्यानं मागितला. कशाला मागायलेत, ते ठावं व्हतं मला."

आत्याची सुई थांबली. ती उठली, पायांत चप्पलही न घालता विहारात गेली आणि भिंतीला पाठ लावून बसली. मी दोनदा डोकावून आले. डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडं बघत नव्हती. इकडं मथुरेनं आपलं बोचकं बांधलं. दिवेलागणीला आत्या परत आली.

"बोचकं कामून बांधायलीस?"

"जाते, आक्का."

"कुठं?"

मथुरेनं बोचक्याची गाठ आणखी आवळली.

"मंग सोड ते." आत्या खाली बसली. "मला तुझा राग हाय. लय हाय. तो माझा मी बगीन. तुला जायाला जागा न्हाई, ही गोष्ट येगळी. दोन्हीची गाठ घालू नगंस."

पुढं कितीतरी दिवस ती मथुरेशी बोलली नाही. ताट मात्र रोज वाढलं. मी आत्याला विचारलं होतं, तुला तिला घालवून द्यावंसं नाही वाटलं? म्हणाली, "वाटलं की. रोज वाटायचं. वाटलं तसं करायचंच, असं कुटं हाय?"

त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते एका परकरामुळं. गोधडीच्या उरलेल्या तुकड्यांतून मथुरा परकर शिवत होती. आत्यानं तो हातात घेऊन बघितला. लेक आता अकरा वर्षांची असणार, आणि परकर चार वर्षांच्या पोरीच्या मापाचा. मथुरेच्या डोळ्यांपुढं पोर तेवढीच राहिली होती... आत्यानं परकर घडी करून परत दिला आणि मला म्हणाली, "चल. गावाकडं जाऊन येऊ."

ताडकळसला उतरून आम्ही चालत गेलो. जिथं आमची घरं होती तिथं वेड्या बाभळी वाढल्या होत्या. मला वाटलं, ती थांबेल. ती थांबली नाही. सरळ वरच्या आळीत, मथुरेच्या सासरी. म्हातारा सासरा ओसरीवर बसला होता.

"कोन हाय?"

"गया. खालच्या वस्तीतली."

म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून तिच्याकडं बघितलं. मग, "काय पायजे?"

"पायजे काई न्हाई. तुमच्या नातीला एकडाव तिची माय दावायची हाय."

"माझ्या लेकाला मारलं तिनं."

"व्हय. त्याची सजा तिनं भोगली." आत्याचा आवाज चढला नव्हता. "आमची घरं जाळली, त्याची सजा कुनीच भोगली न्हाई. तरी मी तुमच्या दारात आलेच की, मामा."

म्हातारा खाली मान घालून बसला. आतल्या दाराशी सासू उभी होती, तिनं सगळं ऐकलं. आम्हाला कुणी पाणी विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. आम्ही आल्या पावली परतलो. येताना मात्र आत्या बाभळींपाशी थांबली, एका जागी बोट दाखवून म्हणाली, "हितं आपली चूल व्हती." आणि पदर तोंडाला लावला. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

थोड्याच दिवसांत एका कासारणीच्या तोंडून सासूचा निरोप आला. ताडकळसच्या बाजारच्या दिवशी, एसटी थांबते तिथल्या लिंबाखाली या. म्हाताऱ्याला कळू देऊ नका. आम्ही गेलो. दोन वेण्या घातलेली, उंच, सावळी सुनंदा आजीचा हात धरून उभी होती. मथुरेनं तिला बघितलं आणि परकर पदराखाली लपवला. आजी म्हणाली, "माय हाय तुझी." पोर म्हणाली, "ठावं हाय मला." मग पुढं होऊन तिनं मथुरेच्या पदराखालचा परकर ओढून काढला आणि कमरेला लावून बघितला. गुडघ्याच्याही वर राहिला. "लय छोटा हाय गं, माय," म्हणून ती हसली. मथुरा भर बाजारात खाली बसली आणि विती लावून तिच्या कमरेपासून घोट्यापर्यंत माप घेऊ लागली...

त्यानंतर बाजारच्या दिवशी त्या भेटत राहिल्या. म्हातारा गेला तरी सुनंदाच्या लग्नाला मथुरेला बोलावणं आलं नाही. दिरानं येऊ दिलं नाही. पण लग्नानंतर पोर नवऱ्याला घेऊन आपणहून त्या दोन खोल्यांत आली. आत्या तेव्हा खाटेला खिळलेली. जावयानं तिथं बसून चहा प्यायला. सुनंदा पाया पडायला वाकली तशी आत्या म्हणाली, "आदी मायच्या पड." हे गेल्या हिवाळ्यातलं. त्याच हिवाळ्यात विद्यापीठाचं नामांतर झालं. मी पेढे घेऊन गेले. तिनं कणभर पेढा जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "झालं म्हन की. लय जनांचं गेलं त्याच्यात." आमची शेवटची भेट ती.

परवाच्या रविवारी मी तिथं गेले. आता मथुराच सगळं बघते. तिनं धर्म बदललेला नाही, पण सकाळची वंदना तिला तोंडपाठ आहे. आदल्या दिवशी एक नवी बाई आली होती. चहा झाल्यावर ती उठली, बंद दाराजवळ गेली आणि तिथंच उभी राहिली. कितीतरी वर्षं दुसऱ्यानं उघडल्याशिवाय जिनं दार ओलांडलेलं नाही, ती अशीच उभी राहते. मी उघडायला उठत होते, तर मथुरेनं माझा हात धरून मला बसवलं. आणि मला आठवलं, आत्याही कधी उठायची नाही. आलेली बाई दाराशी थांबली की ती मुद्दाम तांदूळ निवडायला घ्यायची नाहीतर भांडी घासायला बसायची. बाईनं स्वतः कडी काढेपर्यंत तिकडं बघायची नाही.

"कडी तुझ्या हाताशी हाय, बाई," मथुरा म्हणाली आणि सुपातल्या डाळीत बोटं फिरवत राहिली.

बाई बराच वेळ उभी होती. मग कडीचा आवाज झाला. ती बाहेर गेली. मथुरेनं मान वर केली नाही. काही वेळानं बाई हौदावरून घागर भरून घेऊन आली आणि कुणी न सांगता ती चुलीजवळ नेऊन ठेवली.