कूलंटची नळी कोण फिरवतं?

मशीनखालचा कचरा रोज उचलला जातो; किस्से कोण उचलणार? आमच्या चाकणच्या मशीनशॉपमध्ये ते साठतच जातात. त्यातले निम्मे सुपरवायझर जगतापसाहेबांचे. हा माणूस जेवणाच्या डब्यालाही कुलूप लावतो, राव!

टायटॅनियमचं काम नवीनच आलं होतं. खट धातू! कापताना तापतो आणि सगळी उष्णता टूलच्या धारेवर ढकलतो. धार गेली की जॉबवर, म्हणजे कापलेल्या भागावर, रेघा. ट्रायलचा लॉट गुळगुळीत गेला तर आमचा ऑपरेटर संतोष पर्मनंट होणार होता. पोरगा लातूरकडचा. पर्मनंट झाल्याशिवाय होणारे सासरे लग्नाची तारीख धरेनात!

*

पहिल्याच आठवड्यात टूलला लावायच्या सुट्या धारा भराभर जळाल्या. टूलवाला सेल्समन पेढे घेऊन आला.

साहेब म्हणाले, "घरात बाळ झालं? नाही? मग पेढे कशाचे? टूल डुप्लिकेट असणार!"

त्यांनी पेढ्याला हात लावला नाही. आम्ही लावला. झकास होते.

*

मग त्यांना वाटलं, संतोष नव्या धारा लंपास करून जुन्याच लावतो. म्हणून त्यांनी, बोटातली पुष्कराजाची अंगठी सावरत, प्रत्येक धारेवर नेलपेंटचा ठिपका दिला. जॉब झाला, ठिपका गायब!

"बघा, बदलली!"

"साहेब, तिथं टूल जळतंय, नेलपेंट काय टिकणार?" मी म्हणालो.

तेव्हापासून गेटवर माझीही बॅग तपासतात.

*

एकदा जॉब चकाचक निघाला. संतोष धावत दाखवायला आला, तर साहेबांनी त्याची बोटं हुंगली!

"पॉलिश पेपर घासलास ना?"

त्या दिवशी पोरगा जेवला नाही. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू!

*

शेवटी माझ्याच लक्षात आलं. चहाच्या सुट्टीनंतर कूलंटची, म्हणजे धार थंड ठेवणाऱ्या पाण्याची, नळी वाकडी असायची. फवारा धारेवर पडायचा सोडून भलतीकडेच!

साहेब गरजले, "संतोष, तूच!"

"आईशप्पत साहेब, म्या हात बी लावला नाही!"

"कॅमेरा बसवतो. सापडलास तर गेटबाहेर!"

दोन दिवसांनी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही सगळे. संतोषच्या तोंडचं पाणी पळालेलं. स्क्रीनवर तो मशीन बंद करून चहाला गेला. थोड्या वेळानं एक हात आत आला, टॉर्च घेऊन. नळी आड येत होती, ती त्यानं ढकलली, धार नीट न्याहाळली आणि नळी तशीच सोडून गेला. बोटात पुष्कराज.

मोठ्या साहेबांनी चित्र तिथंच थांबवलं.

मोठे साहेब म्हणाले, "संतोष, सासऱ्यांना फोन लाव. तारीख धरा म्हणावं."

जगतापसाहेब अजून स्क्रीनला डोळे लावून उभे होते. म्हणाले, "माझ्यासारखी अंगठी कुणी करून घेतलीये, आधी ते शोधा!"