दुसऱ्यांदा लॉगिन केल्यावर

“गायकवाड, पासवर्ड कुणाकुणाला वाटलास?” प्लँट मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडले.

चाकणच्या पार्ट्सच्या कारखान्यात चहाच्या सुट्टीनंतर गायकवाडभाऊंचं लॉगिन चालेना. ते लाइनचे सुपरवायझर. त्यांनी कॉम्प्युटरवर मंजुरी दिल्याशिवाय माल गाडीत चढत नाही, आणि गाडी तर गेटवर उभी.

“साहेब, सकाळी ह्योच चालला व्हता. आमी काय बदललं न्हाई.”

पण भाऊंचा पासवर्ड अख्ख्या लाइनला पाठ होता. ते जेवायला गेले तरी काम अडू नये म्हणून त्यांनीच सांगून ठेवलेला. “कुणीतरी बदलला असणार. मेमो घे आता,” मॅनेजर म्हणाले. भाऊंचा चेहरा उतरला.

मी तिथेच उभी होते. सिस्टीम आमच्या वाकडच्या सॉफ्टवेअर कंपनीची, आणि आदल्या दिवशी तिला हात मीच लावला होता.

तोवर सगळ्यांचे पासवर्ड डेटाबेसमध्ये उघडे दिसायचे. मी हॅशिंग घातलं. हॅशिंग म्हणजे दळण. गव्हाचं पीठ होतं, पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. लॉगिन करताना टाकलेला पासवर्ड तसाच दळायचा आणि साठवलेल्या पिठाशी ताडून बघायचा. टेस्टिंगला मी एकदा लॉगिन केलं, चाललं, खुशीत घरी गेले.

आता भाऊंचं रेकॉर्ड रात्रीच्या बॅकअपशी ताडून पाहिलं. हॅश बदललेला! मी कोडमध्ये लिहिलं होतं, रेकॉर्ड सेव्ह झालं की पासवर्ड हॅश कर. आणि प्रत्येक लॉगिनची वेळ त्याच रेकॉर्डमध्ये सेव्ह होते. म्हणजे पिठाचंच परत दळण. प्रत्येक जण एकदाच आत जाऊ शकणार होता. चहाला जाताना लॉगआउट केलं ते एकट्या भाऊंनी.

बाहेर जाऊन बॉसना फोन लावला.

“गुपचूप दुरुस्त कर. मेमोचं त्यांचं ते बघतील.”

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला ते पटलं. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. मग काचेतून भाऊ दिसले. तोच पासवर्ड एकेका बोटाने पुन्हा टाकत होते.

“सर, चूक माझी आहे, भाऊंची नाही.” आत जाऊन मी मॅनेजरना सगळ्यांसमोर सांगितलं.

“मग दुरुस्त करा. उभ्या काय राहिलात?”

पासवर्ड बदलला असेल तरच हॅश कर, एवढी एक अट घातली. बॅकअपमधले हॅश परत टाकले. भाऊ आत गेले, गाडी सुटली. मेमो निघालाच, पण आमच्या कंपनीच्या नावाने. बॉस आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

निघताना भाऊ गेटपर्यंत आले. “मॅडम, मला वाटलं माझंच डोकं गेलं. आता घरी बसवत्यात.”

लॉगिन अडलं की लोक आधी माणसावर संशय घेतात, कोडवर नाही. म्हणून हल्ली मी टेस्टिंगला लॉगिन करते, बाहेर पडते आणि पुन्हा लॉगिन करते.