हळू करा जरा

दारात शववाहिनी उभी होती आणि बाबांसाठी कोणतं गाणं लावायचं यावरून आम्ही दोघे भाऊ दबक्या आवाजात भांडत होतो. दादाला भजन हवं होतं, मला बाबांचं लाडकं नाट्यगीत. “लोक काय म्हणतील?” दादा चिडून म्हणाला. गेलेल्या माणसासाठी गाणं निवडतानाही कान मात्र जिवंतांचेच सांभाळावे लागतात.

“नाट्यगीतच लाव,” आई म्हणाली. त्याच गाण्यावरून ती जन्मभर बाबांवर करवादली होती.

मी मोबाइलवर ते लावलं, आवाज पूर्ण वाढवला. पहिलीच तान घरभर घुमली आणि आई तिरडीकडे बघून सवयीनं म्हणाली, “अहो, हळू करा जरा.”

आवाज कमी करायला मी हात पुढे केला, तशी ती माझ्यावर खेकसली, “तुला नाही सांगितलं.”