कोयत्यावर चार दिवस बदली माणूस

२१ ऑगस्ट १९८६, गुरुवार. जमा रक्कम पाचशे रुपये. हजर आम्ही पाच जण: वनस्पतिशास्त्राचे दोघे, रसायनशास्त्राचे एक, भौतिकशास्त्र शिकवणारा मी आणि माझी पत्नी. ती शाळेत शिक्षिका होती. चहाही तिनेच केला आणि पाचवे शंभरही तिनेच दिले.

बैठक परभणीत माझ्या घरी झाली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणारी चार मुलं निवडायची, प्रत्येकाला स्वतःच्या प्रश्नावर काम करू द्यायचं आणि जानेवारीतल्या विद्यार्थी विज्ञान परिषदेत ते काम ज्याचं त्याने उभं राहून मांडायचं, असं ठरलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादावरून तेव्हा वर्गातली बाकंसुद्धा वाटली गेली होती. कोण कुठे बसतो यावरून तो कुणाकडचा ते कळायचं. म्हणून आमच्याकडे चौघांना एकच सतरंजी. पिंगळीहून रेल्वेने येणारा एक, बोरीचा एक, शहरातल्या बौद्ध वस्तीतली एक मुलगी आणि पालमकडचा एक. दर रविवारी एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी आडवे प्रश्न विचारायचे.

मुलगी सगळ्यांत तिखट होती. पालमवाल्याला पहिल्याच रविवारी म्हणाली, "ऊस वाळतो हे माझी आजीबी सांगंल. तू नवीन काय सांगायलास?"

तो म्हणाला, "किती वाळतो ते तुझ्या आजीला इचारून ये."

त्याचे वडील वारले होते. जमीन थोडी आणि कोरडवाहू. दिवाळी झाली की आई आणि तो नगर जिल्ह्यात ऊस तोडायला जात. तोडीत दोन माणसांच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. पैसे मिळतात ते कारखान्याच्या काट्यावर भरेल तेवढ्या वजनाचे. सकाळी तोडलेली मोळी काट्यावर पोचेपर्यंत किती वजन गमावते, हा त्याचा प्रश्न होता. बारा वर्षं शिकवत होतो, पण विद्यार्थ्याने घरून आणलेला असा प्रश्न मी पाहिला नव्हता.

त्या वर्षी त्याने प्रात्यक्षिकं आधीच उरकली आणि प्रयोगशाळेचा ताणकाटा घेऊन आईबरोबर फडावर गेला. दर आठवड्याला पोस्टकार्डावर वजनं यायची. मुलगी ती आलेखावर मांडायची आणि एखादा आकडा संशयास्पद वाटला तर उलट कार्ड टाकायची: "ही मोळी सावलीत होती का? खरं लिही."

परिषदेला आठ दिवस राहिले तेव्हा एक कार्ड आलं. वजनांच्या खाली एक ओळ होती: येणं जमत नाही.

विभागप्रमुख म्हणाले, "त्यात काय एवढं? तुम्ही वाचा, नाव त्याचं घ्या."

मला ते पटलं नाही. तो स्वतः उभा राहणार नसेल तर आमच्या रविवारांना अर्थ नव्हता. मी एसटीने फडावर गेलो.

तोडकऱ्यांच्या कोप्यांपुढे, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपुढे, टोळीचा मुकादम भेटला. मला पाहून म्हणाला, "गुर्जी, तुमचा काटा लय महाग पडायलाय मला. सारी टोळी इचारायली, वजन जातंय कुठं म्हणून."

"मग त्याला चार दिवस नेतो. तेवढीच तुम्हाला शांतता."

"न्या की. पण कोयता अर्धा पडला तर उचल कोण फेडणार? तुमी?" हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, ती उचल.

"चार दिवस मी मोळ्या बांधतो," मी म्हणालो.

मुलाची आई चुलीपुढून हसली. "सर, दुपारपतूर तुमालाच मोळीत बांधून आणावं लागंल."

मुलगा खाली बघत म्हणाला, "सर, तुम्हीच वाचा."

"आणि प्रश्न आले तर? मी कधी मोळी बांधली आहे?"

त्याचं भाडं, तक्त्याचा कागद, इतकंच काय एक नवा सदरा, सगळं आम्ही खर्चात धरलं होतं. त्याच्या जागी कोयत्याला उभा राहणारा माणूस आम्हा पाचही शिकलेल्यांना सुचला नव्हता. तो आईने सुचवला.

"माझा धाकटा भाऊ पालमात हाय. दुकानापुढं बसून दिस काढायलाय. त्याला धाडा. पण फुकट न्हाई यायचा, बहिणीसाठीबी न्हाई."

"रोज किती मागंल?" मुकादमाने विचारलं.

"पंधरा. कमी म्हणलं की आजारी पडतो त्यो."

परभणीला परतलो तर रसायनवाल्यांनी रास्त शंका काढली. "आपण खर्च ठरवलाय प्रवासाचा आणि साहित्याचा. मामाचा रोज कशात धरायचा?"

"साहित्यात धरा मामाला," पत्नी म्हणाली.

हरकत कुणी घेतली नाही. मामाला एसटीत बसवून दिलं आणि परिषदेच्या आदल्या दिवशी पोरगा परभणीत उतरला. तळहातांवर फोड होते. रात्री जेवल्यावर मुलीने त्याला तीनदा बोलायला उभं केलं आणि तिन्ही वेळा अडवलं.

परिषदेत तो दहा मिनिटं बोलला. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, ऊस वाळतो हे सर्वांना माहीत आहे, मग यात शोध काय? त्याने मराठीत उत्तर देण्याची परवानगी मागितली. मग म्हणाला, "सर, वाळतो हे आम्हालाही माहीत होतं. किती, ते कुणी सांगत नव्हतं. गाडी उशिरा सुटली तर तोटा कुणाचा, ते शेवटच्या रकान्यात आहे."

परीक्षक उठून तक्त्याजवळ गेले, तो रकाना त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. "पुढे काय मोजणार?"

"रसातली साखर. पण त्याला दोन हंगाम लागतील सर, आणि एक काटा पुरायचा नाही."

परीक्षकांशी तो असा बोलला, जणू दोघे एकाच कामावरचे होते. मी मागच्या रांगेत होतो. स्वतःच्या मुलांच्या निकालालाही माझी छाती इतकी फुगली नव्हती, आणि हे मी मुलांना सांगितलेलं आहे.

पुढच्या रविवारी पालमला गेलो. मामा दुकानापुढेच होता. जाण्या-येण्याचं एसटी भाडं त्याला आधीच दिलेलं होतं. राहिलेले चार दिवसांचे पंधराप्रमाणे साठ रुपये त्याच्या हातात दिले. त्याने दोनदा मोजून घेतले.