अण्णाची सोनोग्राफी

थोरल्या भावाने, अण्णाने, भर दुकानात लोखंडी वजन माझ्या अंगावर फेकलं. मला लागलं नाही, बडीशेपेच्या बरणीला लागलं. काटा आता विजेचा आहे, पण जुनी वजनं कागद उडू नयेत म्हणून त्याच्या गल्ल्यावर पडलेली असतात. बरणी फुटली, काचा माझ्या पदरात अडकल्या. त्या न झटकताच मी पुढे गेले आणि त्याच्या कानाखाली वाजवली. मी नांदेडला शाळेत शिकवते, पन्नाशीला टेकले आहे. लातूरच्या बाजारात थोरल्या भावाला मारणारी बाई लोकांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. पण आमच्या घरात हात आधी चालतो आणि तोंड मागून. वडिलांनी दोघांनाही हेच शिकवलं.

भांडण सोनोग्राफीवरून होतं.

अण्णाने देवळातल्या शिबिरात रक्त दिलं, तेव्हा त्याला पांढरी कावीळ असल्याचं कळलं. डॉक्टर तिला हेपटायटिस बी म्हणतात. कुठून आली याचा पत्ता नाही. आईकडून जन्मतःच आली असेल, न्हाव्याच्या वस्तऱ्यातून आली असेल, नाहीतर लहानपणी गावभर एकच सुई टोचत फिरणाऱ्या डॉक्टरकडून. आम्ही बाकीच्यांनी तपासून घेतलं, कुणाला नव्हती. अण्णाचं लिव्हर मात्र आतून कडक होत चाललं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर त्याला नीट समजावलं. अशा लिव्हरमध्ये पुढे कॅन्सर होऊ शकतो आणि तो सुरुवातीला दुखत नाही. गाठ लहान असताना सापडली तर इलाज आहे, दुखायला लागल्यावर आलात तर फार उशीर होतो. म्हणून गोळी रोज घ्यायची, आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एक रक्ताची तपासणी, जन्मभर.

अण्णाने मान डोलावली. लातूरलाच करून घेतो म्हणाला, आणि काही वर्षं घेतलीही.

अडचण अशी, की लिव्हर बिघडलं म्हणजे बाटली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. अण्णाच्या गळ्यात इष्टलिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. दारूच्या दुकानासमोरून जायचं तर तो रस्ता ओलांडतो. एकदा सोनोग्राफीला उपाशीपोटी बसला असताना बाजारातला एक ओळखीचा अडत्या शेजारी येऊन टेकला. कशाची तपासणी म्हणून विचारलं. अण्णा भोळेपणाने लिव्हरची म्हणाला. अडत्या हसला आणि मालक तुम्हीपण गुपचूप घेता म्हणायचं, असं काहीतरी बोलला. अण्णाने पाण्याची स्टीलची बाटली त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, दात पडला. अडत्याबरोबर आलेल्या त्याच्या पोरांनी अण्णाला जिन्यावरून फरफटत खाली नेलं आणि लाथांनी तुडवलं. एक डोळा मिटलेला आणि बरगडीला तडा, असा तो घरी आला. सोनोग्राफी राहिलीच. नंतरची तारीखही त्याने चुकवली, तिच्या पुढचीही. वहिनीने शेवटी रडत मला फोन केला, तेव्हा मी मिळेल ती गाडी पकडून लातूर गाठलं.

दुकानात मी आधी गोडीनेच बोलले. नांदेडला चल म्हणाले, तिथं तुला कोण ओळखतंय. त्याचं एकच पालुपद होतं. त्याच्या पोरीचं, माझ्या भाचीचं, लग्न उदगीरला जमत आलेलं, आणि बापाला लिव्हर आहे हे कळलं तर बोलणी मोडतील. मी म्हणाले, बाप मेला तर पोरीला उजवणार कोण? त्यावर ते वजन आलं.

माझी थप्पड बसल्यावर त्याने माझी वेणी धरली आणि मला तुरीच्या पोत्यांवर ढकललं. कोपर सोललं. मी त्याच्या मनगटाला चावले. वहिनी मध्ये पडली तर तिलाही धक्का बसला. शेजारचे दुकानदार धावत आले, दोघांनी अण्णाला मागून आवळून धरलं. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी बोललं, "दिवसाढवळ्या पिऊन हाय का काय?"

माझं डोकंच फिरलं. पोत्यावर उभी राहून मी ओरडले, "थेंब शिवला न्हाई त्यानं जन्मात. पांढरी कावीळ हाय त्याला. उद्या कॅन्सर हुईल म्हणून पोट तपासायचं तर तुमच्या या तोंडाला भिऊन मरून राहिलाय."

धरणाऱ्यांनी अण्णाला सोडलं. एकाने तर हात धोतराला पुसले. अण्णाने माझ्याकडे असं पाहिलं, की वजन लागलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो मुकाट माझ्यासोबत नांदेडला आला. लपवायचं काही उरलंच नव्हतं. सोनोग्राफी झाली, रक्त दिलं. गाठ नव्हती. लिव्हर होतं तसंच कडक, पण रक्ताचा रिपोर्टही चांगला आला. आनंदाने मला रडू कोसळलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होतो, तेवढ्यात वहिनीचा फोन आला. उदगीरकरांनी नकार कळवला होता.

अण्णाने फोन खिशात ठेवला. उरलेल्या पायऱ्या उतरला. मग म्हणाला, "गाठ निघाली असती तर तुला माफ तरी केलं असतं."

त्याच्या तोंडचं हे वाक्य मला ते वजन लागलं असतं त्याहून जोरात लागलं. तरी मी मागे हटले नाही. "न्हाई निघाली म्हणून तर भांडायला जिता हायस," मी म्हणाले. "सहा महिन्यांनी ये, पुन्हा भांड."

तो माझ्या घरी न येता परस्पर स्टँडवर गेला. दिवाळीला ओवाळायला बोलावलं नाही, फोन उचलला नाही. भाची माझ्याशी बोलायची, तिच्याकडून कळायचं. तारीख जवळ आली तशी मला झोप लागेना, कारण तो येणार का हे भाचीलाही ठाऊक नव्हतं, आणि त्याला विचारायची सोय नव्हती. त्या दिवशी शाळेत रजा टाकून मी नुसतीच दवाखान्यात जाऊन बसले.

अण्णा आला. कुणाला बरोबर न घेता, उपाशीपोटी. खिडकीवरच्या पोरीने काय तपासायचंय विचारलं, तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लिव्हर." मग मागे वळला, मला पाहिलं, आणि माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसला.