भिंतीमागची खोकडी

लॅबवाल्या ताई कुणाच्याही समोरून चालत येत नसत. टेबलाशी काम करताना बाजूला कुणीतरी उभं असल्याचं जाणवायचं. मान वळवावी तर ताई भलतीकडेच, खिडकीबाहेर बघत असायच्या. मग हळूच म्हणायच्या, "सावंत, कालच्या बॅचचं सॅम्पल कुठे अडकलंय?" नवीन माणसं दचकायची. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "समोरून गेलं की जनावर बिथरतं. तीच सवय लागली. आणि खरं सांगू, माणसंही बिथरतात."

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका रंगाच्या कारखान्यात मी डिस्पॅचला होतो आणि त्या लॅब सांभाळायच्या. नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. ताई पन्नाशीला टेकलेल्या, मूळच्या साताऱ्याच्या. लग्न केलेलं नव्हतं. अल नहदाला माझ्याच बिल्डिंगमध्ये राहायच्या, म्हणून मी त्यांच्या गाडीतून जायचो. अट एकच होती, उजाडायच्या आत खाली उतरायचं. माझी बायको वैतागायची. "ड्यूटी आठची आणि तुम्ही दूधवाल्यासारखे निघता!"

कारण कारखान्याच्या मागे होतं. मागची भिंत एका जागी पडलेली होती. पलीकडे खारट वाळू, खुरटी झुडपं आणि कुठल्यातरी जुन्या कामाचे टाकून दिलेले सिमेंटचे पाइप. त्या पाइपांत खोकडांची जोडी राहायची. वाळूच्याच रंगाची, अंगापेक्षा कान मोठे. आमचे कोकणातले कामगार त्यांना कोल्हे म्हणायचे. ताई दर वेळी तेवढ्याच शांतपणे सांगायच्या, "कोल्हा नाही रे, खोकड." एका उपड्या ड्रमवर कॅमेरा मांडीवर घेऊन त्या बसायच्या. फोटो फार काढत नसत. बघत बसायच्या आणि मधूनमधून पुटपुटायच्या, "मी आहे गं, मी आहे." खोकडी कान टवकारायची आणि पुन्हा पायांवर डोकं टेकायची.

रोल संपला की रोला बाजारातल्या मल्याळी फोटोवाल्याकडे धुवायला जायचा. तो हसायचा, "मॅडम, शादी का फोटो कभी नहीं लाते?" ताई म्हणायच्या, "इनकी हो चुकी है." ते फोटो त्यांनी भिंतीवर कधी लावले नाहीत. लॅबच्या कपाटात, केमिकलच्या बाटल्यांमागे पाकिटं ठेवलेली असायची. दुपारी डबा खाताना एखादं काढून माझ्यासमोर सरकवायच्या. मी "सुंदर" म्हटलं की नाराज व्हायच्या. "सुंदर सोडा. कशी बसलीय ते बघा. आज पोट भरलेलं आहे."

खायला घालायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. कामगारांच्या खोल्या कारखान्याच्या आवारातच होत्या आणि मेसमधला उरलेला भात, माशांची डोकी भिंतीपलीकडे जायची. त्यावरून ताई आचाऱ्याशी भांडायच्या. माणगावचा बबन पॅकिंगला होता. तो तर हातातून मासा द्यायला शिकला होता. "ताई, बघा कशी घेते! आमच्या मांजरीपेक्षा शहाणी." ताईंनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. "तुला ती शहाणी वाटते. उद्या दुसऱ्या कुणापुढे अशीच जाईल, तेव्हा?"

पण एका ऑगस्टमध्ये, हवा नाकात भाजत होती तेव्हा, खोकडीच्या मागे पिल्लं दिसली. नर आधीच रस्त्यावर ट्रेलरखाली गेला होता. ताईंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीच्या सावलीत पसरट भांडं ठेवून त्यात पाणी ओतलं. "फक्त पाणी," त्या मला म्हणाल्या. मी काही विचारलंही नव्हतं.

पिल्लं मोठी होऊन पांगली. खोकडी मात्र पाण्यावर येत राहिली आणि पाण्यावरून मेसच्या दाराशी. हिवाळ्यात एका सकाळी बबनने मासा पुढे केला आणि कुणीतरी मागून मोठ्याने हसलं. ती दचकली आणि मासा सोडून बबनच्या हातालाच चावली.

बबनला रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली. मॅनेजरने ताईंना बोलावलं, तेव्हा मी तिथेच होतो. "मॅडम, पेस्ट कंट्रोलवाले येतायत. ती कुठे राहते ते तुम्हालाच माहीत आहे. नाही दाखवलंत तर ते सगळीकडे पॉइझन टाकणार, मांजरंही मरतील. दाखवलंत तर पिंजऱ्यात धरून लांब डेझर्टमध्ये सोडतील."

"नक्की सोडतील?"

"इन्शाल्ला, मॅडम."

बबन हाताला पट्टी बांधून लॅबच्या दारात आला. "ताई, चूक माझी आहे. तिला कशाला?" ताई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तू आधी पुढचं इंजेक्शन चुकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी उजाडताना जाळी आणि पिंजरा घेऊन दोन माणसं आली. ताई पुढे, ती दोघं मागे, मी सगळ्यांत शेवटी. पाइपाच्या तोंडाशी जाळी लावून ते थांबले. बराच वेळ काहीच हललं नाही. मग ताई खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "मी आहे गं."

ती लगेच बाहेर आली.

जाळी पडण्याआधी क्लिक असा आवाज झाला. कॅमेरा ताईंच्या गळ्यात होता आणि सवयीने त्यांचं बोट दाबलं गेलं होतं.

संध्याकाळी त्यांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावला. "कहाँ छोड़ा?" पलीकडचा माणूस अगदी सरळ बोलला, त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "खलास, मॅडम. काटने का केस था ना, टेस्ट करना पड़ता है." ही टेस्ट जिवंत जनावराची होत नाही, हे लॅब चालवणाऱ्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं, सावंत. मी स्वतःला कळू दिलं नाही."

मग त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, रोल बाहेर ओढला आणि ट्यूबलाइटखाली फिल्म हातभर उलगडून धरली. मी हात पुढे केला, पण तोवर उजेडाने सगळे फोटो जळून गेले होते. "मासे पोरांनी दिले," त्या म्हणाल्या, "पण माणसाच्या दारात यायला मी शिकवलं."

टेस्टमध्ये काही निघालं नाही. बबन बरा झाला. ताईंनी पुन्हा कॅमेरा हातात घेतला नाही. उजाडायच्या आत निघणंही थांबलं. माझ्या बायकोलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. काही महिन्यांनी कंपनीने लॅब बंद केली, ताईंचा व्हिसा कॅन्सल झाला आणि त्या साताऱ्याला गेल्या. एअरपोर्टवर त्यांनी सगळ्यांची चौकशी केली, पण कारखान्याच्या मागच्या बाजूचा विषय काढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात बबन धावत माझ्याकडे आला. भिंतीपाशी एक तरुण खोकडी दिसली होती, त्याच पिल्लांतली असावी. "साहेब, ताईंना सांगा ना!" मी घरून फोन लावला. खरखरत्या लाइनवर मी सगळं सांगितलं.

"जवळ येते?" ताईंनी विचारलं.

"येते. मेसच्या दारापर्यंत."

"मग बबनला म्हणावं, दगड मार. लागेल असा नको, पण मार. रोज. माणूस दिसला की ती पळाली पाहिजे. सांगाल ना?"

मी सांगितलं. बबनने दोनदा विचारलं, "ताईच असं म्हणाल्या?" सकाळी तो मूठभर खडी घेऊन भिंतीपाशी उभा राहिला. खोकडी समोर बसून त्याच्याकडे बघत होती. पहिला खडा तिच्या पुढ्यात पडला. खायला टाकलंय असं समजून ती हुंगायला पुढे आली.

बबनने डोळे पुसले आणि दुसरा खडा जोरात मारला.