पुढचा ॲक्सल आणि माझं ग्रीस

चहा घ्या, पण घोट गिळूनच पुढचं ऐका, नाहीतर ठसका लागायचा! माझी फजिती मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, असा योग रोज येत नाही.

माझी मुलगी सोनाली पुण्यात इंजिनिअर आहे. तिला रिमोटच्या गाड्यांचं वेड. साध्यासुध्या नव्हे, दगडधोंड्यांवर चढणाऱ्या! नवी गाडी घेतली तेव्हा जुनी मला देऊन गेली. म्हणाली, "आप्पा, घरात एकटंच बसताय. चालवा, जीव रमंल."

एकटा म्हणजे किती? तिची आई गेल्यापासून कळंबच्या आमच्या घरात दोनच आवाज. एक माझा, एक फ्रिजचा. त्यात फ्रिज जास्त बोलतो.

तर मी ती गाडी विहिरीकडच्या दगडांच्या ढिगावर चालवायला लागलो. काय चढायची म्हणता! शेजारचा बापूराव बांधावरून ओरडायचा, "आप्पा, लायसन काडलं का न्हाय?"

एक दिवस पुढची चाकं लडबडायला लागली. पुढचा ॲक्सल सैल! लगेच सोनालीला व्हिडिओ कॉल लावला.

"स्क्रू सुटल्यात, आप्पा. आवळा. आन् डब्यात निळ्या औषधाची बाटली हाय, त्याचा एकेक थेंब लावा. वाळलं की स्क्रू हलायचा न्हाय."

आवळले. थेंबही लावला. पण मला सांगा, जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस लोखंडात कोरडा स्क्रू घालेल का? आमच्याकडे गेटच्या बिजागरीपासून घरातल्या झोपाळ्याच्या कडीपर्यंत सगळ्याला ग्रीस! मी प्रत्येक स्क्रू आधी ग्रीसमध्ये मस्त लोळवला, मग वरून ते औषध लावलं.

दोन दगड चढली, की पुन्हा लडबड! पुन्हा फोन.

"औषद लावलं व्हतं का?"

"लावलं की!"

ग्रीसचं ती विचारत नव्हती, मी सांगत नव्हतो. त्यात काय सांगायचं? जेवलात का विचारल्यावर कुणी 'हात धुऊन जेवलो' असं सांगतं का?

बघता बघता रोज संध्याकाळी फोन व्हायला लागला. स्क्रूवरून गोष्ट भाजीवर जायची, भाजीवरून तिच्या ऑफिसातल्या खडूस साहेबावर. खरं सांगू? चाकं लडबडली की मला बरं वाटायचं.

तिनं नवा ॲक्सल पाठवला. तोही सैल! मग तिनं दुकानदाराला फोनवर झापलं, "माझ्या वडिलांचा जन्म ट्रॅक्टर खोलण्यात गेलाय, त्यांना स्क्रू आवळायला शिकवू नका!" हे तिच्याकडून ऐकून माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! शेवटी एका शनिवारी ती स्वतःच आली.

पहिला स्क्रू काढला आणि स्वतःच्या बोटांकडे बघत बसली.

"आप्पा, ह्ये काय?"

"ग्रीस. ट्रॅक्टरचंच हाय, चांगल्यातलं."

"आवं, ग्रीसवर औषद चिकटंल का? मी त्या दुकानदाराला काय काय बोलले!"

हसून हसून पोरगी ओसरीवर आडवी झाली. तेवढ्यात बापूराव आला. तिनं त्यालाही सांगितलं. आता तो मला चौकात विचारतो, "आप्पा, च्यात साखर घालू का ग्रीस?"

मग तिनं स्क्रू पेट्रोलनं पुसले, औषध लावून आवळले, माझ्या हातचं पिठलं-भाकरी खाल्ली आणि रविवारी दुपारच्या एसटीनं गेली.

गाडी एकदम फर्स्टक्लास! ढिगाच्या टोकावरून खाली पाडली तरी ॲक्सल जागचा हलेना. आणि फोनही वाजेना. तिला वाटलं, आप्पांचं काम झालं. मी तरी उगाच कसा लावू? ती कामात असते. कशाला केला असं विचारलं तर काय सांगू? आठवण आली म्हणू? हे मला आजवर कधी तोंडानं बोलता आलेलं नाही. संध्याकाळ झाली की घर खायला उठायचं.

अखेर एका संध्याकाळी लावलाच व्हिडिओ कॉल.

"सोने, परत सैल झाला गं त्यो."

"असं कसं हुईल, आप्पा? दाखवा बरं."

"थांब, गाडी आनतो."

फोन तांब्याला टेकवून ठेवला. म्हटलं, तिला आता नुसतं छप्पर दिसत असेल. गाडी मांडीवर घेतली आणि घाईघाईनं स्क्रू ढिला करायला बसलो. पण ते औषध असलं पक्कं बसलेलं! दातओठ खाल्ले, गाडी पायात दाबून धरली, घाम फुटला, स्क्रू तसूभर फिरेना.

"आप्पा," फोनमधून हळूच आवाज आला, "नुसत्या जोरानं न्हाय सुटायचा त्यो. आदी चांगला तापवा, मंग निगंल."

आणि मी, मान वर न करता, घाम पुसत म्हणालो, "व्हय का? मंग थांब वाईच, काडेपेटी कुठं हाय बगतो."